गार कान

लेऊवार्डनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
मी एक तक्ता बनवला आहे.
वय. रक्तातलं ड जीवनसत्त्व. हाडांचं एक एन्झाइम.
गळ्यातून काढलेल्या गाठीचं वजन.
गाठ निघाल्यावर दहा मिनिटांत संप्रेरक किती घसरलं, ते.
पाच आकडे घातले की सहावा बाहेर पडतो:
शंभरात किती जणांचं कॅल्शियम कोसळेल.

गेर्ब्रिख वियार्दा, वय सदुसष्ट, एकोणसाठ गाई.
मसुराच्या दाण्याएवढी असायची ग्रंथी
हिच्या गळ्यात जर्दाळूच्या बीएवढी झालेली.
लोक एकमेकांना चुना लावतात;
हिनं हाडांचाच चुना पळवला,
सात वर्षं, चिमूट चिमूट, रक्तात ओतला.
गेर्ब्रिखला वाटलं, वय झालं.
धारा काढताना मनगट मोडलं तेव्हाही तिला तेच वाटलं.

तेवीस, म्हणाला तक्ता.
मी तिला समजावलं: आता चोर गेला,
हाडं उपाशी आहेत, दिसेल ते कॅल्शियम ओढून घेतील,
रक्तात काही उरणार नाही, असं होऊ शकतं.
शंभरात तेवीस जणींना होतं.

"म्हणजे मी तेविसातली
की सत्त्याहत्तरातली?"

तक्ता ते सांगत नाही, म्हणाले मी.
"मग तो कशाला?" असं ती म्हणाली नाही.
ती म्हणाली, "माझी फोक्ये तिसऱ्या वेताला अशीच पडली.
वासरू झालं, दूध भरभरून उतरलं,
आणि दुसऱ्या रात्री मान पोटाशी वळवून बसली ती उठेना.
डॉक्टर येईपर्यंत मी कान धरून बसले होते.
गार. दुधाच्या बादलीसारखे गार."

मग बाटलीभर कॅल्शियम शिरेतून,
सावकाश, हृदयावर कान ठेवून,
घाई केली तर गाय तिथंच संपते.
अर्ध्या बाटलीला ती थरथरली, ढेकर दिला,
आणि उठली. "जणू काही झालंच नव्हतं, निर्लज्ज."

पुढे म्हणे वेताआधीच तिला कळायचं
कोणती पडणार. जी सगळ्यात जास्त देते, ती.
हे मी वहीत टिपलं नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी कॅल्शियम ठीक होतं.
गोळ्या दिल्या, फोन नंबर दिला, घरी सोडलं.
जाताना तिनं कोटाची बटणं स्वतः लावली,
एकेक, आणि शेवटच्या बटणापाशी बोटं जरा थांबली.
ते मी पाहिलं. पाहूनही पुढच्या पेशंटकडे वळले.

पहाटे सव्वातीनला फोन.
कालव्यावर धुकं, आणि तिकडून गोठ्याचा आवाज,
पंपाची धडधड, साखळ्या.
"ओठांवर मुंग्या आल्यात.
साखर नाही, काही नाही, तरी आल्यात.
आणि हात बघ, म्हणजे तुला दिसणार नाही,
बोटं एकत्र येऊन चोच झाली आहे."
कुठे आहात तुम्ही?
"कुठे असणार? पाच वाजता टँकर येतो."

हाडाची गवळण म्हणतात ते असं.
आणि त्या हाडांनीच आता हिशेब मागितला होता.

अँब्युलन्समधून आली तेव्हा
गालावर बोटानं टिचकी मारली,
ओठाचा कोपरा उडाला.
एक पूर्णांक सत्तर.
ड्रिप लावली, सावकाश. मॉनिटर होता,
तरी मी स्टेथोस्कोप ठेवून बसले,
का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

अर्ध्या तासानं चोचीतून बोटं सुटी झाली.
ढेकर नाही दिला. तेवढं राहिलं.

तक्ता चुकला नाही, हे मी सकाळी बैठकीत सांगेन.
तेवीस म्हणजे तेवीस, कुणीतरी असायचंच.
सांगेन, आणि खरंच असेल ते.

पण खिडकीबाहेर उजाडायला लागलं होतं
आणि गेर्ब्रिखनं मोकळा झालेला हात वर केला,
मला वाटलं नाडी दाखवतेय,
तर तिनं माझा कान धरला,
अंगठा आणि तर्जनीत, मुकाट, बराच वेळ.

"गार आहे," ती म्हणाली.
"काल रात्रीपासून काही खाल्लंस का तू?"